शिकारीच्या टॅगसाठी पॉईंट पद्धत न्याय्य की सरळ सोडत?

तुमचा प्रश्न असा: कोलोरॅडोत नवीन आलोय, एल्कच्या (एक मोठं हरीण) टॅगसाठी, म्हणजे शिकारीच्या परवान्यासाठी, इथे वर्षानुवर्षं पॉईंट साठवावे लागतात (टॅग न मिळालेल्या दर वर्षी एक), शेजारच्या न्यू मेक्सिकोत मात्र सरळ सोडत निघते, मग यातलं न्याय्य कुठलं?

सरळ सोडत. पॉईंटवाल्यांचा राग पत्करून सांगतो. पॉईंटमुळे एक टॅगसुद्धा वाढत नाही. वीस टॅग असतील तर वीसच जण डोंगरात जाणार. ते वीस कोण, एवढंच पॉईंट ठरवतात, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर 'जे आधी जन्मले ते' असं निघतं.

आमच्या कंपूत एक काका आहेत, २४ पॉईंट धरून बसलेले. दर एप्रिलला, अर्जाची मुदत आली की त्यांचं एकच पालुपद: "मी इतकी वर्षं रांगेत उभा राहिलो, आणि कालचं पोर मधे घुसणार?" ऐकायला रास्त वाटतं. पण रांगेत उभं राहायचं ते दुकान बंद व्हायच्या आत नंबर लागेल म्हणून. इथला हिशेब कागदावर मांडून बघा.

समजा एका हंट कोडचे (ठरावीक विभाग आणि हंगामातल्या शिकारीचा क्रमांक) २० टॅग आहेत. रहिवाशांना दहा किंवा जास्त पॉईंट लागणाऱ्या कोडमध्ये कोलोरॅडो २० टक्क्यांपर्यंत टॅग हायब्रिड सोडतीला, म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटायला, काढून ठेवतं (तिथेही किमान ५ पॉईंट हवेतच). म्हणजे चार बाजूला गेले, उरले १६. हे १६ सर्वात जास्त पॉईंटवाल्यांपासून खाली वाटत यायचे. आता समजा २६ पॉईंटवाले १६० जण आहेत, २५ वाले १९० आणि २४ वाले २४०. पहिली पायरी रिकामी व्हायला दहा वर्षं. दुसरीला आणखी बारा. काकांची पायरी सुरू होणार २२ वर्षांनी आणि संपायला आणखी पंधरा. काका आता साठीला टेकलेत. खांद्यावर एल्कचा मागचा पाय घेऊन दहा हजार फुटांवरून उतरायचं ते ब्याऐंशीव्या वर्षी! काही जण मरतात, काही कंटाळून दुसऱ्या युनिटमध्ये (शिकारीच्या विभागात) पॉईंट उडवून टाकतात, त्यामुळे रांग थोडी लवकर सरकते, हे खरं. पण तोवर वरची पायरीही दरवर्षी एकेक पॉईंटने उंच होत जाते. युनिट २ किंवा २०१ चं नाव काढलं की जुने लोक हसतात ते याचमुळे. तुम्ही आज शून्यावर आहात. त्या रांगेत तुमचा नंबर लागणार नाही, असंच समजून चाला.

यावर काका नेवाडाचा दाखला देतात. तिथे रांग नाही, बोनस पॉईंट आहेत: पॉईंटचा वर्ग अधिक एक, इतक्या चिठ्ठ्या तुमच्या नावाने पडतात. दहा पॉईंटला १०१, विसाला ४०१. आकडा भारदस्त वाटतो. पण बाकी सगळ्यांच्याही चिठ्ठ्या वर्गानेच वाढलेल्या असतात. एका टॅगमागे एक लाख चिठ्ठ्या जमल्या तर वीस वर्षांच्या पुंजीवर तुमची शक्यता हजारात चार. नवख्याची लाखात एक. म्हाताऱ्याला फारसं काही मिळत नाही, पोराला तर काहीच नाही. वायोमिंगने मधला मार्ग काढला: परराज्यातल्यांसाठी एल्कचे ७५ टक्के टॅग पॉईंटवर, २५ टक्के चिठ्ठीवर. स्वतःच्या रहिवाशांना मात्र एल्क, हरीण, प्रॉन्गहॉर्न (हरणासारखाच एक प्राणी) यांच्यासाठी पॉईंटच ठेवले नाहीत. घरच्यांना सोडत आणि पाहुण्यांना पॉईंट! पॉईंटसाठी भरावे लागणारे पैसे कुणाच्या खिशातून येतात ते यावरून कळावं.

पण नुसती चिठ्ठी टाकली की झालं असंही नाही. अर्ज करायला काहीच झळ बसत नसेल तर जो तो सगळीकडे अर्ज टाकून ठेवतो. २०१८ साली कोलोरॅडोने अर्जासोबत लायसन्सची पूर्ण फी आगाऊ भरायची अट काढली आणि मूस (सगळ्यात मोठं हरीण), बिगहॉर्न मेंढा, पहाडी बकरा यांचे अर्ज एकदम फुगले. ज्यांना मूस कुठे मिळतो हेही धड माहीत नव्हतं, तेही आत आले. आयडाहो म्हणूनच शहाणं. तिथे पॉईंट नाहीत, पण मूस, मेंढा किंवा बकऱ्यासाठी अर्ज केलात तर त्या वर्षी एल्क-हरणांच्या नियंत्रित सोडतीतून साधारणपणे बाद, शिवाय टॅगचे पैसे आधी भरायचे. ज्याला खरंच जायचंय तोच उरतो. न्यू मेक्सिकोतही पूर्ण फी आगाऊ, आणि तुमचा नंबर निघाला की तुमच्या अर्जातले तिन्ही चॉईस तिथेच तपासून मगच पुढच्या अर्जाला हात लावतात. कोलोरॅडोत तसं नाही, इथे सगळ्यांचे पहिले चॉईस संपल्यावर दुसऱ्यांची पाळी. न्यू मेक्सिकोत एकच खोच आहे: तुम्ही तिथले रहिवासी नाही. सोडतीतले ८४ टक्के त्यांच्या लोकांना, १० टक्के आउटफिटरबरोबर (शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकाबरोबर) जाणाऱ्यांना, तुमच्या वाट्याला ६.

आता पॉईंटच्या बाजूने बोलायचं तर मादी एल्कचे किंवा शून्य ते तीन पॉईंटमध्ये निघणारे टॅग. तिथे रांग खरंच सरकते. दोन वर्षांआड टॅग मिळणार हे आधीच कळतं, सुट्टी टाकता येते, डीप फ्रीझरमध्ये जागा करता येते. सोडतीत हे जमत नाही. एवढं काकांचं मान्य.

तुम्ही काय करायचं? 'ड्रॉन आउट ॲट' नावाचा, कुठल्या कोडचा टॅग किती पॉईंटवर निघाला ते सांगणारा अहवाल उघडा आणि तुमच्या कोडसाठी गेल्या तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. दरवर्षी एक पॉईंटने वर सरकत असेल तर त्या युनिटचा नाद सोडा, तुम्ही कायम तेवढेच मागे राहणार. पहिल्या चॉईसला टॅगऐवजी फक्त पॉईंट मागणारा कोड टाका, ई-पी-९९९-९९-पी, आणि दुसऱ्याला सहज निघणारा टॅग. दुसऱ्या चॉईसने टॅग निघाला तर पॉईंट खर्च होत नाहीत, उलट एक वाढतो. अर्जाआधी पात्रता लायसन्स (अर्जाला पात्र ठरवणारं वेगळं शिकार-लायसन्स) घ्यायला विसरू नका, त्याशिवाय अर्जच पुढे जात नाही. वायोमिंगचे पॉईंट घ्यायला लागलात तर सलग दोन वर्षं खंड पडू देऊ नका, सगळे जातात.

आणि ग्रुपने अर्ज करताना डोळे उघडे ठेवा. वायोमिंग ग्रुपच्या पॉईंटची सरासरी काढतं, कोलोरॅडो सगळ्यात कमी पॉईंटवाल्याचा आकडा धरतं. तुमचा शून्य असेल तर अख्खा ग्रुप शून्यावर. काका गेली तीन वर्षं "आपण सगळे एकत्र टाकू" म्हणतायत ते वायोमिंगच्याच अर्जाबद्दल, कोलोरॅडोच्या नाही.