यीस्टच्या वंशावळीत करिअर होतं का?

प्रश्न : आमची सांगलीत बेकरी आहे. मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला यीस्टच्या उत्क्रांतीनुसार वर्गीकरणात पीएच.डी. करायची आहे. यीस्टची पाकिटं आम्ही रोज फोडतो, त्यात शोधायचं काय उरलंय? आणि पुढे नोकरीचं काय? – एक पालक

उत्तर : आधी नोकरीचं बोलू. नुसत्या वर्गीकरणाच्या जोरावर कायमची जागा मिळणं अवघड आहे. अशा जाहिराती क्वचितच निघतात. त्या एका आशेवर तिने पाच वर्षं घालवू नयेत. पण यात शोधायचं काही उरलं नाही, हे मात्र खरं नाही.

तुमच्या पाकिटातलं सॅकरोमायसिस आणि डोक्यातल्या कोंड्याशी संबंध असलेलं मॅलॅसेझिया, दोन्ही एकपेशीय, दोन्ही कळ्या फुटून वाढणारी. पण मॅलॅसेझियाचं जवळचं नातं निघतं ते तुमच्याकडच्या उसावर चाबूक काणी आणणाऱ्या बुरशीशी! गुलाबी ऱ्होडोटोरुला तर गव्हाच्या तांबेऱ्याच्या गोतावळ्यातलं. थोडक्यात, यीस्ट हे एक कुळ नाहीच. ही राहणी वेगवेगळ्या घराण्यांत आढळते. पूर्वी कोणती साखर आंबते वगैरे चाचण्यांवर भिस्त असायची. कुर्ट्झमन आणि रॉबनेट या संशोधकांनी १९९८ मध्ये यीस्टच्या सुमारे ५०० जातींच्या रायबोसोमल डीएनएचा (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमशी संबंधित डीएनएचा) एक छोटा तुकडा ताडून पाहिला, तेव्हा जुन्या वर्गीकरणातली बरीच गडबड उघडी पडली. आता अख्खे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, ताडले जातात आणि मांडणी अजून बदलतेच आहे.

हे नुसतं नावं देण्याचं काम नाही. कँडिडा ऑरिस हे रोग आणणारं यीस्ट २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून सापडलं. त्यानंतरही बरीच वर्षं प्रयोगशाळांची नेहमीची यंत्रं त्याला भलतंच नाव द्यायची. फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला ते सहसा दाद देत नाही, म्हणजे ओळख चुकली की उपचारही चुकण्याची भीती.

म्हणून तिला अडवू नका, पण एक अट घाला : पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकीय भाषा आणि जीनोमची माहिती हाताळणं ती आत्तापासूनच शिकेल. हे येत असेल तर सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणाऱ्या) कंपन्या, निदान प्रयोगशाळा, इथेनॉल आणि किण्वन उद्योग अशी बरीच दारं उघडी राहतात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेच्या लाइफ सायन्सेस विषयातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. म्हणजे घरावर बोजा नाही.

पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि आघारकर संस्थेतला बुरशींचा संग्रह तिने बघावा. चंडीगडला इमटेक या सूक्ष्मजीव संशोधन संस्थेचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा दोन गोष्टी विचारा : सिक्वेन्सिंगला पैसा आहे का, आणि आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरांकडून नको, त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्या.

तोवर पुढच्या वर्षीच्या प्रकल्पात तिने रसवंतीच्या चरकावरून किंवा तुमच्याच आंबवलेल्या पिठातून यीस्ट वेगळी काढावीत, त्यांच्या रायबोसोमल डीएनएचा तोच तुकडा सिक्वेन्स करून घ्यावा आणि वंशवृक्ष स्वतः मांडावा. त्यात तिचं मन रमतंय की नाही, ते तुम्हालाही दिसेल.