तुझ्या वर्गातल्या मुलाविषयी आणि त्याच्या कुत्र्याविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. शिक्षणसेवक म्हणून बालाघाटच्या डोंगरातल्या ज्या गावी तू रुजू झाली आहेस, तिथे दसरा-दिवाळी सरली की घरामागून घर कुलूपबंद होते, हे तू बीड जिल्ह्यातच वाढल्यामुळे तुला नवे नाही. पण हजेरीपटावरच्या नावांमागची ती कुलपे रोज पाहणे वेगळे असते. चौथीतल्या ज्या मुलाविषयी तू लिहिले आहेस, त्याचे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले आहेत, तो जेवायला शाळेच्या हंगामी वसतिगृहात आणि झोपायला चुलत्याकडे असतो, वर्गात कोणाशी बोलत नाही आणि फाटकाबाहेर बसलेल्या कुत्र्याशी मात्र मधली सुट्टी संपेपर्यंत बोलत राहतो. कुत्र्याचा नाद सोडवला तर तो मुलांमध्ये मिसळेल का, असे तू विचारतेस, आणि तुझ्या मुख्याध्यापकांना तसे वाटते असेही कळवतेस.

माझे मत विचारशील तर तो नाद सोडवू नये. मात्र कुत्रा सोबतीला आहे म्हणून मोठ्यांनी निर्धास्त होणे हे त्याहून वाईट आहे, आणि मला मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे.

एकट्या पडलेल्या मुलाला जनावराकडून माया मिळते, एवढे सगळेच म्हणतात. मला वाटते, मिळण्यापेक्षा देण्याचा भाग त्यात मोठा आहे. चुलत्याच्या घरी तो मुलगा म्हणजे वाढलेले एक ताट असते. त्याच्या असण्याने तिथे कोणाचे काही अडत नाही आणि नसण्याने थोडी सोयच होते, हे दहा वर्षांच्या मुलाला पुरते कळत असते. कुत्र्याच्या लेखी मात्र तो घरधनी आहे. तो आला तर खायला मिळते, तो हाक मारतो तेव्हा शेपटी हलते, तो नसला तर कोणी तरी फाटकाशी ताटकळते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव ज्या मुलाला घरात मिळत नाही ते ती जिथे मिळेल तिथून घेते. ती तोडून टाकल्यावर ते मूल इतर मुलांकडे वळेल, ही आशा मला व्यर्थ वाटते. ते अधिक मिटते, एवढेच मी पाहिले आहे.

पोषण आहारातली खिचडी तो कुत्र्यासाठी बाजूला काढतो आणि त्यावरून स्वयंपाकी मदतनीस बाई रागावतात, असे तू लिहितेस. रागावण्याआधी रात्री चुलत्याकडे त्याच्या ताटात काय पडते याचा अंदाज घे. पोट भरल्यावर उरलेले घालणारे मूल निराळे आणि स्वतः अर्धपोटी राहून घालणारे मूल निराळे. दुसऱ्या प्रकारचे असेल, तर त्याला आधी पोटभर वाढण्याची आणि सगळ्यांच्या ताटांतले उरलेसुरले एका भांड्यात काढून फाटकाबाहेर ठेवण्याची सोय कर. हा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवलास तर पुढे कुरबूर होणार नाही. कुत्र्याला वर्गात किंवा जेवणाच्या ओळीत येऊ देऊ नये, हे मुख्याध्यापकांचे म्हणणे रास्त आहे. मुलाला ते कारणासह सांगितले तर तो ऐकेल.

त्याला बोलते करण्यासाठी काय विचारावे, हा तुझा पुढचा प्रश्न. त्याच्याविषयी काहीच विचारू नकोस, कुत्र्याविषयी विचार. कुत्रा रात्री कुठे झोपतो, पावसात कुठे जातो, त्याला कोण हाकलते, तो कोणाला घाबरतो. कुत्रा ओट्यावर झोपतो असे सांगणारा मुलगा पुष्कळदा स्वतःही ओट्यावरच झोपत असतो, आणि हे तो पुढच्या वाक्यात आपणहून सांगतो. बोरिस लेव्हिन्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक बालमानसतज्ज्ञ होते. एक अबोल मूल ठरल्या वेळेआधी त्यांच्याकडे आले, त्या वेळी त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता, आणि जे मूल माणसांशी बोलत नव्हते ते कुत्र्याशी खेळू लागले. त्यावरून त्यांनी 1962 साली उपचारातल्या कुत्र्याच्या साहाय्याविषयी एक निबंध लिहिला आणि पुढे हा अभ्यासाचा विषय झाला. त्या प्रसंगात मला महत्त्वाचे वाटते ते हे की दार कुत्र्याने उघडले तरी लेव्हिन्सन खोलीतून उठून गेले नाहीत. मुलाचे खेळणे ते पाहत राहिले आणि हळूहळू त्यात सामील झाले. तुझे काम तेच आहे. फक्त एक पथ्य पाळ: कुत्र्याच्या आडून उलटतपासणी करू नकोस. मुलांना ते लगेच ओळखू येते, आणि मग कुत्र्याविषयीही ती बोलेनाशी होतात.

गावात आणखी एका माणसाशी ओळख करून घे, तो म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. तो लसीकरणाला, शेळीच्या तपासणीला घराच्या मागच्या अंगणापर्यंत जातो, जिथे शिक्षिकेला कोणी नेत नाही. कोणत्या घरात जनावराला बेदम मारतात हे त्याला माहीत असते, आणि जिथे मुके जनावर निष्कारण मार खाते तिथल्या मुलांकडे जरा निरखून पाहावे, असे मी तुला आग्रहाने सांगेन. याला जुना दाखला आहे. न्यूयॉर्कमध्ये 1874 साली मेरी एलन विल्सन या लहान मुलीचा घरात अमानुष छळ होत होता. तिची दखल कोणी घेईना, तेव्हा एटा व्हीलर या सेवाभावी बाईंनी प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी 1866 साली निघालेल्या संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे धाव घेतली. मुलगी हाही एक प्राणीच आहे असा युक्तिवाद करून तिला सोडवले, अशी एक दंतकथा त्यावर रचली गेली आहे. ती खरी नाही, न्यायालयापुढे ती मूल म्हणूनच आली. पण जनावरांसाठी झटणारी माणसे मुलांसाठी झटणाऱ्यांच्या आधी संघटित झाली होती, आणि लहान मुलांच्या रक्षणाची तिथली संस्था या प्रकरणानंतर निघाली, हे खरे आहे.

आता ‘दुर्लक्ष’ हा शब्द तू आईवडिलांसाठी वापरला आहेस, त्याविषयी. पावसाळ्यात ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, ती लग्नात, आजारपणात किंवा मागच्या फेडीत गेली, आणि नवराबायको मिळून एक कोयता म्हणून सहा महिने बांधले गेले. ऊस कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात, मूल इथे. शाळा बुडू नये म्हणून त्यांनी त्याला मागे ठेवले, हा त्यांचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. त्याला फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, नेले असते तर पाचटात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत त्याचे वर्ष गेले असते. चुलत्याच्या घरी चुलत भावंडांना दूध आणि याला कोरा चहा, भावंडांना अंथरूण आणि याला पोते, ताप आला तरी कोणी दवाखान्यात न नेणे, हे मात्र दुर्लक्ष आहे, आणि ते गरिबीच्या पदराखाली झाकू देऊ नकोस. आधी चुलतीशी बोल. तिच्यावरही दोन घरांचा भार पडलेला असतो, आणि शाळेतून कोणी चौकशीला येते एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. मारहाण होत असेल, मूल उपाशी किंवा असुरक्षित असेल, तर मात्र गावकीच्या बैठकीची वाट न पाहता मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या फोन क्रमांकावर कळव. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणे हे जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे काम आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याने तिला तो अधिकार दिला आहे. असा प्रसंग आला तर कुत्र्याचे काय होईल, हे मुलाने विचारण्याआधीच त्याला सांग आणि जेवढे तुझ्या हाती आहे तेवढेच सांग.

आईचा फोन आला की तो ‘हो, बरंय’ म्हणून गप्प होतो, ही तक्रार मी अनेक मातांकडून ऐकली आहे. आई पहाटेपासून उसाच्या फडात असते, गाडी भरायला रात्री-अपरात्री उठते, आणि मधल्या थोड्या वेळात मुलाला जेवलास का, अभ्यास केलास का, एवढेच विचारते. त्याला उत्तर तरी काय असणार? तिला निरोप धाड की कुत्र्याचे नाव घेऊन चौकशी कर. शक्य असेल तर तुझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दे आणि कुत्र्याला शेजारी बसव. मी शाळेत शिकवत असताना एका मुलीच्या आईला तिच्या शेळीची रोज विचारपूस करायला सांगितले होते. शेळी व्याली त्या दिवशी ती पोरगी इतके बोलली की पलीकडून मुकादमाची हाक आली तरी आईला फोन ठेववेना.

एका गोष्टीत हयगय नको. कुत्र्यावर जीव असलेले मूल चावा लपवते. सांगितले तर कुत्र्याला मारतील किंवा दूर सोडून येतील, ही भीती त्याला रेबीजच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. संशयित जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून चावा बसण्याची वाट न पाहता आजच वर्गात सांग की दात लागला, नखाने ओरखडले किंवा जखमेवर चाटले तरी बाईंना सांगायचे, आणि सांगितल्याबद्दल कुत्र्याला कोणी हात लावणार नाही. मग तो शब्द पाळ. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद, चुना किंवा मिरची लावायची नाही, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची. ठरलेले सगळे डोस पुरे करायचे, आणि जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर रेबीजविरोधी सीरमही लागते. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवता येते, त्यासाठी त्याला मारावे लागत नाही, हेही मुलांना समजावून दे. त्या कुत्र्याला रेबीजची लस टोचली आहे का, ते पर्यवेक्षकाला विचार. टोचली नसेल तर त्याला धरून उभे राहण्याचे काम त्या मुलाला दे. वर्गातली आणखी दोन पोरे बरोबर पाठव, बादली-दोरीचे निमित्त पुरेल. मिसळणे असेच कामातून होते. ‘जा, त्यांच्यात खेळ’ म्हणून कोणी मिसळत नाही.

शहरातल्या मुलाचे कुत्रे घरचे असते, ते मेले तर त्या मुलाला निदान हळहळ मिळते. आपल्याकडच्या मुलांचा जीव शेळीवर, करडावर, बैलावर जडतो, आणि ती जनावरे घराच्या हिशोबात पैसा असतात. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली तो बैल, या वर्षी ट्रॅक्टरच्या टोळीत जायचे ठरले म्हणून, दिवाळीआधी बाजारात जातो. बाटलीने दूध पाजून वाढवलेला बोकड मूल शाळेत असताना विकला जातो आणि संध्याकाळी त्याला सांगतात की तो रानात हरवला. विकणे चूक आहे असे मी म्हणणार नाही, ते घर त्यावर चालते. पण खोटे सांगू नये, आदल्या दिवशी सांगावे, आणि मुलाची इच्छा असेल तर त्याला निरोप घेऊ द्यावा. पालक सभेत हा विषय काढशील तर लोक आधी हसतील. हसू दे, एखादी आजी नंतर तुझ्याजवळ येऊन बोलेल.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की माणसे परत येतील. त्या दिवसांसाठी मुलाच्या आईला आधीच तयार कर. ती गाडीतून उतरेल तेव्हा हा पळत जाऊन तिला बिलगेलच असे नाही. कदाचित कुत्र्याच्या आड उभा राहील, दोन दिवस तिच्या हातचे नीट खाणारही नाही, आणि सहा महिने ज्याच्यासाठी कोयता चालवला त्याने असे करावे याचे तिला फार लागेल. तिला सांग की हा रुसवा तिच्यावरच्या मायेतूनच आला आहे आणि तो ओसरायला वेळ लागतो. तोवर तिने त्या कुत्र्याला हाकलू नये, भाकरी टाकताना मुलाला बरोबर घ्यावे. वडिलांनाही हेच सांग, कारण घरी आल्या आल्या दारातले कुत्रे हाकलण्याचे काम बहुधा तेच करतात. पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा जाणार असतील तर मुलाला कोणाकडे ठेवायचे, हे त्यांनी उचल घेण्याआधी ठरवावे आणि त्या बोलण्यात मुलगा हजर असावा, एवढे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांच्याकडून कबूल करून घे.

लसीकरणाचे काय झाले ते कळव.

तुझी,
बाई