स्फोटाचा मार की रात्रीचं घोरणं?

“मॅडम, ह्यांच्या डोक्याला स्फोटात मार बसला होता. आता सगळं विसरायला लागलेत. पुढं वेडबिड लागंल का?” साताऱ्याकडच्या माजी सैनिकांच्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येत असतो. त्यातल्याच एका घराची ही हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून.

नवरा पन्नाशीच्या आतला, हवालदार म्हणून निवृत्त. काश्मीरमध्ये गाडीजवळ आयईडी, म्हणजे पेरून ठेवलेला गावठी बॉम्ब, फुटला तेव्हा काही मिनिटं शुद्ध हरपली होती. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही आणि थोड्याच दिवसांत ते ड्युटीवर हजर झाले. बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आतली आणि नंतरचा गोंधळ 24 तासांच्या आत ओसरलेला असला, की डॉक्टर अशा माराला मेंदूची सौम्य इजा म्हणतात. बहुतेक जण त्यातून काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सावरतात. हेही सावरले होते. विसरणं सुरू झालं ते निवृत्तीनंतर, स्फोटाला कितीतरी वर्षं होऊन गेल्यावर.

मला खटकलं ते हेच. अशा इजेचा त्रास सुरुवातीला जास्त असतो आणि हळूहळू उतरत जातो. मधली वर्षं बरी जाऊन तो नव्यानं वाढायला लागला, तर आणखी काही शिरलंय का हे बघावं लागतं.

आता ते एमआयडीसीत सिक्युरिटीला होते, बऱ्याचदा रात्रपाळी. गेटवर ट्रकचा नंबर बघायचा आणि रजिस्टरात उतरवेपर्यंत शेवटचे दोन आकडे गायब. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठणं, बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढवणं. फौज सुटल्यावर वजन वाढलं होतं, शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. झोप लागावी म्हणून कॅन्टीनची रम होतीच.

“रात्री झोपतात कसे?” मी विचारलं.

“झोपेचं काय, पडल्या पडल्या घोरतात. मधीच बंद होतं. मग बंद पडलेली जीप किक् बसून सुरू व्हावी तसा हिसका देऊन परत सुरू.”

बाईंना मी मोबाइलवर त्या घोरण्याचं रेकॉर्डिंग करायला सांगितलं. पुढच्या भेटीत तिघांनी मिळून ते ऐकलं. घोरणं चढत जातं आणि तुटतं. मग नुसता पंख्याचा आवाज, इतका वेळ की आपलाच श्वास अडकावा. मग घुसमटल्यासारखा एक मोठा श्वास. “बराकीत सगळेच घोरायचे,” म्हणणारे हवालदार गप्प बसले.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. माणसाला यातलं काही आठवत नाही, तो म्हणतो मी रात्रभर झोपलो. दिवसा मात्र लक्ष टिकत नाही, आणि जे नीट डोक्यात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? डोक्याला मार बसलेल्यांमध्ये हा स्लीप ॲप्निया इतरांपेक्षा जास्त आढळतो. लक्षणंही इजेसारखीच, त्यामुळे सगळं खापर स्फोटावर फुटतं.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली. तासाला 34 वेळा श्वास अडत होता. 30 च्या पुढे गेला की तो तीव्र प्रकार. डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं; ते मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घशाची वाट उघडी ठेवतं.

आमचं खरं काम इथून पुढचं. पहिल्याच रात्री त्यांनी मास्क ओढून फेकला. तोंडावर काही आवळलं की स्फोटानंतरची धूळ आणि घुसमट आठवायची. सक्ती केली असती तर मशीन कपाटात गेलं असतं. म्हणून आधी मास्क नुसता हातात धरायचा, मग दिवसा टीव्हीवरच्या बातम्या बघताना पट्टा न बांधता नाकावर टेकवायचा, मग मशीन लावून बसल्या बसल्या, मग दुपारच्या डुलकीला. पट्टा कधीही आपल्या हातानं काढता येतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं. रम सोडायला सांगितली, कारण दारूनं घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळीचंही तेच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. रमवरून बरीच घासाघीस झाली.

सकाळची डोकेदुखी सगळ्यात आधी गेली. चिडचिड नंतर कमी झाली, तीही मास्क रोज रात्री टिकायला लागल्यावर. मराठीत होणाऱ्या मोका या स्मरण-लक्ष चाचणीत काही महिन्यांनी गुण वाढले, पूर्ण नाही आले. नावं अजून निसटतात. तेवढा वाटा कदाचित जुन्या इजेचा असेल, किंवा झोपेविना गेलेल्या वर्षांचा. म्हातारपणी काय होईल याची हमी मी बाईंना दिली नाही. चालू विसराळूपणातला मोठा भाग झोपेचा होता, एवढंच सांगितलं. गेटवर ते आता नंबर आधी तळहातावर लिहितात, मग रजिस्टरात. दिवसपाळी मागून घेतली आहे, पगार थोडा कमी पडतो.