माशात जंत दिसला की आधी काय करायचं: तुमचे प्रश्न

पाऊस लागला की हिडकलपासून दूधगंगेपर्यंतचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ, "मॅडम, हे जंत कसले?" तीच गडबड पुन्हा पुन्हा होतेय, म्हणून उत्तरं एकत्रच देते.

प्रश्न (खानापूर): मरळ कापली तर मांसात पिवळे दाणे, फोडल्यावर आतलं वळवळतंय. मासा टाकून देऊ?
बहुतेक क्लिनोस्टोमम किंवा त्याच्या जवळच्या चपट्या कृमीची पिल्लं आहेत. अंडी बगळ्याच्या तोंडातून पाण्यात येतात, मग गोगलगाय, मग मासा, आणि तो मासा बगळ्यानं खाल्ला की चक्र पूर्ण. नीट शिजवला तर धोका नाही, पण अर्धकच्चा खाऊ नका, जपान-कोरियात घशात अडकल्याच्या तुरळक नोंदी आहेत. खाऊन घसा खवखवत असेल तर डॉक्टरांना मासा खाल्ल्याचं सांगा.

प्रश्न (चिकोडी): चिलापी खाल्ली की पोटात जंत होतात असा व्हिडिओ आलाय, खरं का?
शिजवून खाल्ली तर नाही. व्हिडिओ पुढे पाठवू नका.

प्रश्न (निपाणी): तळ्यातल्या कटल्याच्या अंगावर दोऱ्यासारखे जंत लोंबतायत. दुकानदारानं प्राझिक्वान्टेल दिलं, दोन आठवडे झाले, फरक नाही.
फरक पडणारच नाही ओ, कारण तो जंतच नाही! ती लर्निया, खेकड्या-झिंग्यांच्या गटातली, आणि प्राझिक्वान्टेल चालतं चपट्या कृमींवर. डबीवर "सर्व जंतांवर एकच औषध" लिहून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, पैसेही तुमचे जातात आणि मासेही. चिमट्यानं ओढू नका, जखम होते. तिच्यावरची औषधं साधारणपणे पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतात, अंगात रुतलेल्या मादीला नाही, म्हणून डोस पुन्हा द्यावे लागतात, आणि डोस ठरतो पाण्याच्या मापावर. पहिल्या आठवड्यातच मत्स्य खात्याकडे जायला हवं होतं, आता तरी उद्या सकाळी तळ्याचं माप आणि एक ताजा मासा घेऊन तालुक्याच्या ऑफिसात जा.

प्रश्न (हुक्केरी): माशातले सगळे जंत एकाच कुळातले का?
नाही. कल्ल्यांवरचे कृमी, फ्लूक (खानापूरच्या मरळीतले पिवळे दाणे त्यांच्यातलेच) आणि फितीसारखे पट्टकृमी ही तिन्ही चपटी मंडळी एकाच परजीवी पूर्वजाची, हे डीएनएवरूनही दिसतं. गोलकृमी मात्र कात टाकणारे, म्हणून नातं कीटक-खेकड्यांच्या बाजूला. आणि मरळीच्या आतड्यात काटेरी सोंड रुतवून बसणारा पॅलिसेन्टिस तर डबक्यात पोहणाऱ्या सूक्ष्म रोटिफरांचा नातेवाईक! परजीवीपणा वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळा उपजलाय, म्हणून औषधही एक नाही.

प्रश्न (बेळगाव, एमएस्सी): मरळीतल्या पट्टकृमीची मापं पुस्तकातल्या सेंगाशी (पट्टकृमींचाच एक वंश) जुळत नाहीत. नवी जात म्हणून पेपर लिहू?
थांब. जिवंत जंत तसाच थंड फॉर्मेलिनमध्ये टाकलास का? टाकला असशील तर तो आकसतो, जाड होतो, मग मापं जुळतील कशी! हेच मला वर्षानुवर्षं खुपतंय. एकट्या मांगुरातल्या खंड नसलेल्या पट्टकृमींना पन्नासहून जास्त नावं दिली गेली होती, त्यातली बरीच आपल्या भारतातली, आणि 2011 साली नीट छाननी झाली तेव्हा त्यातली दहासुद्धा टिकली नाहीत. आकसलेल्या, कुजलेल्या नमुन्यांवर जाती उभ्या राहिल्या, मूळ नमुना बघायला मागितला तर मिळत नाही, आणि पुढचा विद्यार्थी त्याच नावांवर आपली वर्षं घालवतो. सेंगाचंही तेच व्हायला नको, 1934 मध्ये हा वंश नोंदला गेला आणि तेव्हापासून त्यात नावांची भर पडतच आलीय.

मासा ताजा असतानाच उघड, जंत सलाइनमध्ये धू आणि वाफाळत्या गरम 4 टक्के फॉर्मेलिननं मार, पण हे फ्यूम हूडखालीच आणि गाइड समोर असतानाच, घरी अजिबात नाही. त्याआधी त्याच जंताचा छोटा तुकडा 96 टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, कारण फॉर्मेलिनमधून डीएनए काढणं फार अवघड. डोक्यावरच्या हुकांची संख्या एका जंतावर मोजून भागत नाही, कारण हूक गळतात. माशाचा फोटो, नदी, तारीख लिही. एवढं करूनही वेगळा वाटला तर झूलॉजिकल सर्व्हेच्या पुणे केंद्राला विचार, नमुने कुठे जमा करायचे तेही तिथेच विचारून घे, मग पेपरचं बघू.

प्रश्न (बेळगाव): गप्पीच्या मागून लाल दोरे लोंबतायत.
कॅमालॅनस असावा, तो गोलकृमी आहे, म्हणजे निपाणीकरांचं ते औषध इथेही चालणार नाही. तो मासा वेगळ्या टाकीत काढा आणि पशुवैद्याला दाखवून औषध लिहून घ्या, दुकानातून उचलू नका.