टार्डिग्रेड म्हणजे एकच प्राणी, की त्यातही प्रकार असतात?

एकच कसला! टार्डिग्रेड, म्हणजे आठ पायांचे ते सूक्ष्म ‘जलअस्वल’, हा प्राण्यांचा अख्खा संघ आहे, म्हणजे वर्गीकरणात संधिपाद (कीटक, खेकडे) किंवा मृदुकाय (गोगलगाई, शिंपले) यांच्या पंगतीला बसणारा. आजवर 1300 हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. मुख्य वर्ग दोन. हेटेरोटार्डिग्रेडामध्ये समुद्रातले बरेच प्रकार येतात, शिवाय शेवाळात राहणारा, पाठीवर चिलखतासारख्या पट्ट्या असलेला एकिनिस्कस. युटार्डिग्रेडा बहुतेक गोड्या पाण्यातले नाहीतर ओल्या शेवाळातले, उघड्या अंगाचे. त्यांच्यात जात ओळखताना कधीकधी प्राण्यापेक्षा अंड्यावरची नक्षीच जास्त कामी येते!

तिसरा वर्ग, मेसोटार्डिग्रेडा, पुस्तकांत दिसेल. तो 1937 साली जपानमधल्या गरम झऱ्यातल्या एकाच जातीवरून मांडला गेला. मूळ नमुनाच शिल्लक नाही, त्यामुळे मी तरी तो मोजत नाही.