फिजिओथेरपीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

बार्शीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४८, सहकारी संस्थेत नोकरी, हातात महिना ५० हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगा आठवीत. मुलीचे नीटचे गुण एमबीबीएसला पुरत नाहीत, बीएएमएसचंही धड नाही, म्हणून ती फिजिओथेरपी करते म्हणतेय. प्रवेश मिळवून देणाऱ्या एका 'समुपदेशका'ने अभिमत विद्यापीठातली जागा दाखवली आहे. फी वर्षाला अडीच लाख, ११ टक्क्यांनी शैक्षणिक कर्ज, कर्जाची फाइलही तोच करून देणार. नावापुढे 'डॉ.' लागेल आणि कॅनडा-अमेरिकेत भरपूर मागणी आहे, असंही त्याने सांगितलंय. प्रश्न एवढाच: 'मुलीसाठी हे क्षेत्र योग्य आहे का?'

पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे. 'वडिलोपार्जित जमिनीच्या वाट्याचे १४ लाख एफडीत होते. बँकेतल्या मॅडमनी त्यातून मुलीच्या शिक्षणासाठी गॅरंटीड प्लॅन करून दिला, पहिला हप्ता २ लाख भरला, कागद गेल्या पंधरवड्यात आले.'

या ओळीमुळे तुम्हाला त्याच दिवशी ईमेल केला. इथे सगळ्यांसाठी लिहितो.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लुक कालावधी म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा हप्ता कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नव्हे. ईमेल करा, शिवाय शाखेत लेखी देऊन पोच घ्या. कागद आधी ईमेलने आले असतील तर दिवस तिथपासून मोजा. मॅडम म्हणतील, 'सर, एक वर्ष थांबा, नुकसान होईल.' त्यांना म्हणा, हे लेखी द्या. देणार नाहीत. कंपनीने टोलवलं तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.

एवढी घाई कशासाठी? तुम्ही पाठवलेल्या तक्त्याप्रमाणे दरवर्षी २ लाख, सात वर्षं, म्हणजे १४ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी २४ लाख मिळणार. '७१ टक्के फायदा' असं तक्त्याच्या कडेला पेनने लिहिलेलं दिसतं. वर्षाचा हिशेब काढला तर परतावा जेमतेम साडेचार टक्के. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या साध्या एफडीत टाकत गेलात तर त्याच मुदतीत ३० लाखांच्या आसपास होतात. आणि मुख्य म्हणजे, मुलगी आज १८ वर्षांची आहे. शिक्षणासाठीचे पैसे येतील तेव्हा ती ३३ची असेल. कुठलं शिक्षण?

म्हणजे स्वतःचे पैसे साडेचार टक्क्यांनी अडकवायचे आणि फीसाठी ११ टक्क्यांनी कर्ज काढायचं, असा हा बेत आहे. मॅडम आणि समुपदेशक एकमेकांना ओळखत नसतीलही, पण दोघांचं भागतंय तुमच्याच १४ लाखांवर. कर्जाच्या व्याजावर कर वाचतो, ही त्याची पुस्तीही बिनकामाची. ती सवलत जुन्या करप्रणालीत आहे, आणि नव्या प्रणालीत तुमच्या पगारावर कर लागतच नाही. वाचवणार काय?

आता कर्जाचा हिशेब. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा चालत आला आहे. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यात इंटर्नशिप धरून पाच, म्हणून पाचच धरा. इंटर्नशिपचं वर्ष सोडून चार वर्षांची फी १० लाख. हप्ता सुरू होईपर्यंत, म्हणजे शिक्षण अधिक एक वर्ष, त्यावर सरळव्याजाने सुमारे ५ लाख चढतात. १५ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता २० हजारांच्या वर जातो. नव्या फिजिओला पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात १५ ते २२ हजार मिळतात. मुलीचा अख्खा पगार बँकेला, आणि तिचा खोली-डबा तुमच्याकडे. समुपदेशकाने हा आकडा दाखवला नाही, कारण त्याचा संबंध प्रवेशाच्या दिवशी संपतो.

जागेबद्दलही एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. महाराष्ट्रात बीपीटीएचचे, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचे, प्रवेश नीटच्या गुणांवर राज्य सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात या जागा आहेत. त्या मिळणं कठीण, पण खासगी महाविद्यालयंही याच फेऱ्यांत असतात. तुम्ही ओबीसी आहात आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. २०२४च्या शासन निर्णयाने अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठ आणि व्यवस्थापन कोटा मात्र त्यातून वगळलेत. म्हणजे समुपदेशकाने नेमकी तीच जागा दाखवली जिथे माफी लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आजच काढायला टाका, आणि शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. फेरीतून जागा मिळाली तर वसतिगृह-मेसचे वर्षाला सव्वा लाख, पाच वर्षांचे सव्वासहा. एफडी आहे तशी असेल तर निम्म्याहून जास्त रक्कम शिल्लक राहते. तिच्या एमपीटीएचला (पदव्युत्तर पदवीला) किंवा मुलाच्या शिक्षणाला.

आणखी एक न विचारलेलं. घरात कमावणारे एकटे तुम्ही, आणि त्या पॉलिसीतलं विमा संरक्षण २० लाख. घरखर्चाला आजच्या पगाराएवढे काढत गेलं तर चार वर्षंही पुरणार नाही. साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता जिवाचा विमा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला ३० ते ४० हजार पडतील. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा, लपवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. क्षेत्र वाईट नाही, पण हे डॉक्टरकीचं उत्तेजनार्थ बक्षीस समजून कुणी येऊ नये. काम उभं राहून करायचं. अर्धांगवायूच्या ८० किलोच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, आयसीयूत छातीतला कफ सुटावा म्हणून रोज त्याच पेशंटपाशी जायचं. खांदा आखडलेल्या आजी येतात आणि म्हणतात, 'बाई, करंट लाव, शेक दे, व्यायाम तेवढा नको.' त्यांच्याकडून तोच हात, तोच व्यायाम वीस वेळा, दीड-दोन महिने, न वैतागता करून घेता आला पाहिजे. ज्या मुलीला हे कंटाळवाणं वाटेल तिने गुण कितीही असले तरी येऊ नये.

पैसा दिसतो चार-पाच वर्षांनी, आणि बहुधा घरी जाऊन केलेल्या व्हिजिटमधून. दिवसाला चार, प्रत्येकी ६००, महिन्याचे २४ दिवस: साधारण ५७ हजार. पेट्रोल आणि ऐनवेळी 'आज नको' म्हणणारे वजा करून चाळीस धरा. हे पेशंट अस्थिरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीने येतात, त्यामुळे पहिली वर्षं ओळखी उभ्या करण्यात जातात.

'डॉ.'चं म्हणाल तर सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ते लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. त्या दोन अक्षरांवर १० लाख लावू नका. परदेशाचंही तसंच. अमेरिकेत आता या व्यवसायात उतरायला डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) ही पदवी लागते. आपली पदवी तपासून घ्यावी लागते, कमी पडलेले विषय पुरे करावे लागतात, मग परवान्याची परीक्षा. कॅनडातही तपासणी आणि परीक्षा आहेच. जाणारे जातात, पण तो वेगळा खर्च आणि वेगळी दोन-तीन वर्षं.

फेऱ्या संपेपर्यंत मुलीला बार्शीतल्याच एखाद्या फिजिओकडे पंधरा दिवस बसवा, सकाळ-संध्याकाळ. परत येऊन ती मशीनबद्दल बोलते की पेशंटबद्दल, ते ऐका. पटलं आणि फेरीतून जागा मिळाली, तर जरूर घ्या. कर्ज काढून अडीच लाखांची जागा मात्र नको.

समुपदेशकाला 'सीट बुकिंग'चे काही दिलेत का, हे पत्रात नाही. दिले असतील तर पावती मागा आणि मला कळवा.