बाबांसाठी ईमेल खातं: उघडण्याआधी प्ले स्टोअर बघा

वडील एसटीतून निवृत्त झालेत, पेन्शनच्या कामाला ईमेल मागितलाय आणि फुकटातलं कुठलं खातं उघडून द्यावं, असं विचारलंय तुम्ही. त्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे म्हणताय ना? मग खातं बहुतेक आहेच. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा. तिथे जीमेलचा पत्ता दिसेल. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने घाईत उघडून दिलेला असतो आणि ज्याचा पत्ता त्यालाच पत्ता नसतो.

माझ्या काकांचं तेच झालं. दुकानदाराने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून खातं उघडलेलं. पुढे शेतातली मोटार बघताना फोन विहिरीत पडला. सगळ्यांचे नंबर त्या खात्यात, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, ओटीपी जाणार दुकानदाराकडे, आणि दुकानाच्या जागी आता चप्पलवाला. काका अजून लोकांना नंबर विचारत फिरतात.

म्हणून खातं सापडलं तर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, नंबर बघा. तो बाबांचा हवा, आणि ज्याचं रिचार्ज नियमित होतं तोच. शिवाय रिकव्हरी ईमेल म्हणून तुमचा पत्ता टाका. पासवर्ड माहीत नसेल तर त्याच फोनवरून 'पासवर्ड विसरलात' करून बघा, बऱ्याचदा जमून जातं.

खातं नसेलच तर नवीन काढा. जीमेल, आउटलुक दोन्ही फुकट आहेत, जागाही दोन्हीकडे 15 जीबी. अँड्रॉइड असेल तर उगाच दुसरीकडे जाऊ नका.

वेळ घालवायचा तो नाव निवडण्यात. साधं नाव-आडनाव कधीच कुणीतरी घेतलेलं असतं, मग गूगल शेपटीला कसलेतरी आकडे लावून सुचवतं. ते घेऊ नका, जन्मसालही नको. बाबांच्या वडिलांचं आद्याक्षर मध्ये घाला, गावाचं नाव जोडा. जीमेलला अंडरस्कोअर चालत नाही, आणि टिंब दिलं काय, न दिलं काय, पत्ता एकच. ठरवण्याआधी तो फोनवर कुणाला तरी तोंडी सांगून बघा. आडनाव क्षीरसागर असेल तर समोरचा क्लार्क 'एक आय की दोन ई' विचारणारच.

खातं तुमच्या लॅपटॉपवर उघडून तसंच सोडू नका, बाबांच्या फोनमध्ये घाला. दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. पासवर्ड डायरीत लिहून गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवला तरी चालेल. इथले काही जण ओरडतील, पण घरातल्या चोरापेक्षा विसरण्याचा धोका मोठा आहे.

आणखी एक. ते 15 जीबी ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह सगळ्यांत मिळून आहेत, आता व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच धरतात. सुप्रभातच्या गुलाबांनी आणि भजनांच्या व्हिडिओंनी जागा भरली की नवीन ईमेल येणंच थांबतं. पेन्शनचं पत्र बाहेरच्या बाहेर परत जाईल. तेव्हा बॅकअपमधून व्हिडिओ आजच वगळा.

प्ले स्टोअरमध्ये काय निघालं ते इथेच कळवा. पत्ता लिहू नका, नुसतं आहे की नाही एवढंच.